रेडियम-२२४ आणि रेडॉन-२२०: न्यूक्लियसला न शिवता त्याचा आकार कसा काढला

रेडियम-२२४ ने एक अल्फा कण सोडला की मागे उरतो रेडॉन-२२०. गेले काय तर दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, बाकीचे २२० जागच्या जागी. तरी यातला एक न्यूक्लियस कायमचा नाशपातीसारखा आहे, म्हणजे एक टोक फुगीर आणि दुसरं निमुळतं, आणि दुसरा तसा नाही, तो नुसता त्या आकाराकडे झुकतो, परत येतो, विरुद्ध बाजूला झुकतो, म्हणजे थरथरत राहतो. हे ठरवलं सर्नच्या आयसोल्डे केंद्रात झालेल्या प्रयोगाने, निकाल मे २०१३ मध्ये छापून आला, पेपरवर पहिलं नाव लियाम गॅफनी यांचं आणि गटाचे प्रमुख लिव्हरपूल विद्यापीठाचे पीटर बटलर. न्यूक्लियसचा आकार "मोजतात" म्हणजे नेमकं काय करतात हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या मते यापेक्षा चांगली केस नाही, म्हणून ती सविस्तर लिहितोय.

आधी प्रश्न नीट मांडू. बहुतेक न्यूक्लियस एकदम गोल नसतात, लांबट किंवा चपटे असतात, पण त्यांची दोन्ही टोकं सारखी असतात. या लांबटपणाला क्वाड्रुपोल म्हणतात. दोन टोकं वेगळी झाली की त्यावर ऑक्टुपोलची भर पडते. ही भर कुठे पडेल याचा अंदाज शेल मॉडेलवरून (प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरलेल्या कवचांत बसतात हे चित्र) येतो: फर्मी पातळीजवळ, म्हणजे भरलेल्या सगळ्यात वरच्या जागेजवळ, अशा दोन ऑर्बिटल्स लागतात ज्यांच्या कोनीय संवेगात बरोबर ३ चा फरक आहे, आणि हे जमतं प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची संख्या ३४, ५६, ८८ किंवा १३४ च्या आसपास असली की. रेडियम-२२४ मध्ये प्रोटॉन ८८ आणि न्यूट्रॉन १३६. म्हणजे दोन्हीकडून अगदी मोक्याच्या जागी बसलेला न्यूक्लियस. रेडॉन-२२० मध्ये ८६ आणि १३४, तोही जवळपासच. थिअरीच्या नकाशावर दोघेही एकाच पट्ट्यात येतात, त्यामुळे नकाशा बघून निवाडा होत नाही.

संशय तसा फार जुना. १९५० च्या दशकात बर्कलीतल्या मंडळींना अल्फा क्षयाच्या अभ्यासात रेडियमच्या सम-सम (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत) आयसोटोपमध्ये निगेटिव्ह पॅरिटीची (आरशात उलटवल्यावर चिन्ह बदलणारी) १ मायनस लेव्हल, म्हणजे स्पिन १ ची ऊर्जापातळी, अगदी खाली, कमी एनर्जीला सापडली. आरसा-सममित न्यूक्लियसमध्ये ती इतकी खाली येण्याचं साधं कारण दिसत नाही. तिथून नाशपातीची चर्चा सुरू झाली आणि नंतर बरीच वर्षं ती लेव्हल्सच्या जागांवरच चालली.

मला या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे येतं. लेव्हल्सच्या जागा बघून आकार ठरवणं धोक्याचं आहे, आणि ते का हे आकड्यांतच दिसतं. रेडियम-२२४ मध्ये २ प्लस (स्पिन २, पॉझिटिव्ह पॅरिटी) लेव्हल ८४ केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट), ४ प्लस २५१ ला, ६ प्लस ४७९ ला. निगेटिव्ह बाजूला १ मायनस २१६ ला, ३ मायनस २९० ला, ५ मायनस ४३३ ला. आता एकदम टणक नाशपाती असती तर १ मायनस ही ० प्लस आणि २ प्लसच्या मधोमध कुठेतरी बसली असती, ३ मायनस ही २ प्लस आणि ४ प्लसच्या मध्ये, अशी एकाआड एक ओळ लागली असती. प्रत्यक्षात १ मायनस त्या मधल्या जागेपेक्षा साधारण १७४ केईव्ही वर आहे, ३ मायनस १२२ वर, ५ मायनस ६८ वर. म्हणजे न्यूक्लियस जसा जास्त जोरात फिरतो तशी ओळ जुळत जाते, पण खालच्या स्पिनला ती जुळलेली नाही. छान, मग म्हणायचं का की फिरवल्यावर नाशपाती पक्की होते? थांबा, रेडॉन-२२० बघा. तिथे २ प्लस २४१ ला, ४ प्लस ५३४ ला, १ मायनस ६४५ ला, ३ मायनस ६६३ ला. फरक ५२५ वरून २७६ वर आला. म्हणजे इथेही कमी होतोय! कारण थरथरणाऱ्या न्यूक्लियसमध्ये ऑक्टुपोल कंपन स्वतःच ३ युनिटचा स्पिन घेऊन येतं आणि फिरण्याच्या दिशेला लागून जातं, त्यानेही लेव्हल्स तशाच जवळ येतात. उंच स्पिनपर्यंत सगळ्या लेव्हल्स मिळाल्या की दोघांच्या वागण्यातला फरक दिसतो, रेडॉनमध्ये हे ३ युनिट स्पष्ट दिसतात आणि रेडियममध्ये ते शून्याकडे जातात, पण तो झाला संकेत, त्याला माप म्हणता येत नाही.

दुसरा जुना आधार होता ई१ ट्रान्झिशनचा, म्हणजे एका लेव्हलवरून दुसरीवर जाताना होणाऱ्या विद्युत डायपोल बदलाचा. नाशपातीच्या आकारात प्रोटॉनचं केंद्र आणि न्यूट्रॉनचं केंद्र एकमेकांपासून किंचित सरकू शकतं, त्यातून विद्युत डायपोल तयार होतो, आणि निगेटिव्ह लेव्हलवरून पॉझिटिव्ह लेव्हलवर येताना ई१ गॅमा जोरात निघतो. जोरदार ई१ दिसला की नाशपाती, असा हिशोब लोक करायचे. पण हा डायपोल दोन वेगवेगळ्या हिश्श्यांची बेरीज असतो आणि ते हिस्से एकमेकांना खोडू शकतात, आणि नेमकं रेडियम-२२४ मध्येच ते जवळजवळ पूर्ण खोडले जातात. त्याचा डायपोल शेजारच्या आयसोटोपच्या मानाने अगदीच क्षुल्लक आहे. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय त्याच्याच बाबतीत हा साक्षीदार गप्प.

मग उरतं एकच, ई३ म्हणजे ऑक्टुपोलचं मॅट्रिक्स एलिमेंट (दोन लेव्हल्सना जोडणाऱ्या ट्रान्झिशनची ताकद सांगणारा आकडा) थेट मोजायचं. ऑक्टुपोल आकारात जवळजवळ सगळे प्रोटॉन मिळून भाग घेतात, त्यामुळे हा आकडा एखाद्या खोडाखोडीने फसत नाही. अडचण अशी की ३ मायनस लेव्हल खाली येताना ई३ गॅमा देतच नाही म्हटलं तरी चालेल, ती सोप्या रस्त्याने, म्हणजे ई१ गॅमा देऊन २ प्लसवर उतरते, डायपोल क्षुल्लक असला तरी. उतरणीत ई३ दिसत नाही. पण चढणीत दिसतो! हीच कूलॉम एक्सायटेशनची गंमत, आणि मला ही पद्धत इतकी आवडते ती याच कारणाने.

कूलॉम एक्सायटेशन म्हणजे दोन न्यूक्लियस एकमेकांच्या इतके जवळ आणायचे की एकाच्या विद्युत क्षेत्राने दुसरा हलेल, पण इतके जवळ नाही की न्यूक्लियर फोर्स मध्ये पडेल. पद्धत १९५० च्या दशकातलीच, १९५३ मध्ये कोपनहेगन आणि अमेरिकेतल्या गटांनी ती प्रत्यक्षात दाखवली आणि आगे बोर, मॉटेलसन वगैरे मंडळींच्या लांबट न्यूक्लियसच्या चित्राला तिने मोठा आधार दिला. तिची ताकद अशी की विद्युत बल पूर्णपणे माहीत आहे. न्यूक्लियर फोर्सचं कुठलंही मॉडेल मध्ये न आणता, कोणत्या कोनात किती वेळा कोणती लेव्हल उठली यावरून मॅट्रिक्स एलिमेंट काढता येतात. आणि या चढणीत ई२ (क्वाड्रुपोल) आणि ई३ चं राज्य असतं, ई१ चा वाटा नगण्य. म्हणजे ३ मायनस लेव्हल किती वेळा उठली हे मोजायचं ती उतरताना सोडते त्या ई१ गॅमावरून, पण ती उठली का याचं उत्तर ई३ देतो. चढायला एक जिना, उतरायला दुसरा.

"सुरक्षित अंतर" किती होतं ते स्वतः काढून बघण्यासारखं आहे. रेडियमची बीम प्रति न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) २.८३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), म्हणजे एकूण ६३४ एमईव्ही, वेग प्रकाशाच्या साधारण ८ टक्के. समोर कॅडमियम-११२ चं पातळ टार्गेट. मास सेंटरमधली एनर्जी येते २११ एमईव्ही. प्रोटॉनसंख्या ८८ आणि ४८, त्यांचा गुणाकार गुणिले १.४४ (या एककांत विद्युत बलाचा स्थिरांक), भागिले २११, उत्तर साधारण २९ फेम्टोमीटर. अगदी समोरासमोर आले तरी केंद्रापासून केंद्रापर्यंत एवढं अंतर राहणार. दोघांच्या त्रिज्या धरा ७.३ आणि ५.८, बेरीज १३. म्हणजे पृष्ठभागांमध्ये साधारण १६ फेम्टोमीटरची मोकळी जागा उरते, आणि या क्षेत्रातला रूढ नियम ५ सोडा म्हणतो. न्यूक्लियर फोर्सचा इथे प्रश्नच येत नाही. या सगळ्या भेटीला वेळ लागतो सुमारे १०^-२१ सेकंद, तेवढ्यात न्यूक्लियस एक, दोन, कधी चार-पाच पायऱ्या चढतो.

आता हे कशासाठी इतकं उशिरा झालं? कारण रेडियम-२२४ चं हाफ-लाइफ ३.६ दिवस आणि रेडॉन-२२० चं ५६ सेकंद. याआधी रेडियम-२२६ वर हे काम झालं होतं, जर्मनीतल्या जीएसआयच्या गटाने १९९३ मध्ये निकाल छापला, पण ते १६०० वर्षं टिकणारं, त्याचं टार्गेट करता येतं. ५६ सेकंदांत अर्धं संपणाऱ्या वायूचं टार्गेट कसं करणार. त्यामुळे उलटं करावं लागलं, जो न्यूक्लियस तपासायचा त्याचीच बीम करायची आणि स्थिर धातूच्या टार्गेटवर सोडायची.

आयसोल्डेमध्ये १.४ जीईव्हीचे प्रोटॉन युरेनियम कार्बाइडच्या जाड टार्गेटवर आपटतात, त्यातून शेकडो प्रकारचे तुकडे तयार होतात. टार्गेट तापवलेलं असतं म्हणून ते बाहेर झिरपतात, आयनाइझ होतात, चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे वेगळे होतात. हवा तो आयसोटोप आधी पेनिंग ट्रॅपमध्ये (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात) गोळा करायचा, मग इलेक्ट्रॉनच्या झोतात धरून त्याचे पन्नासच्या आसपास इलेक्ट्रॉन काढायचे, कारण एवढा चार्ज असल्याशिवाय छोट्या लिनॅकला (सरळ रेषेतल्या प्रवेगकाला) इतका जड आयन ढकलता येत नाही. हे सगळं करून टार्गेटपर्यंत पोचतात किती, तर सेकंदाला काही लाख आयन. स्थिर बीमच्या प्रयोगात हा आकडा कितीतरी हजारपट मोठा असतो. म्हणून प्रत्येक गॅमा महत्त्वाचा.

गॅमा पकडायला मिनीबॉल नावाचा डिटेक्टर, जर्मेनियमचे २४ क्रिस्टल, तीन-तीनच्या आठ क्लस्टरमध्ये, आणि प्रत्येक क्रिस्टलचे बाहेरून ६ भाग. हे भाग कशाला, तर डॉप्लर. गॅमा सोडणारा न्यूक्लियस प्रकाशाच्या ८ टक्के वेगाने पळतोय, त्यामुळे १६६ केईव्हीचा गॅमा (४ प्लस वरून २ प्लस) कोनाप्रमाणे दहा-बारा केईव्ही इकडे तिकडे सरकतो. गॅमा कोणत्या कोनात निघाला आणि न्यूक्लियस कोणत्या दिशेने चालला होता हे दोन्ही कळलं तरच तो परत जागेवर आणता येतो. न्यूक्लियसची दिशा सांगायला टार्गेटच्या पुढे सिलिकॉनची वर्तुळाकार तबकडी, एका बाजूला कड्या आणि दुसऱ्या बाजूला पाकळ्यांसारख्या पट्ट्या. तबकडीवर कण आणि मिनीबॉलमध्ये गॅमा एकाच वेळी आले तरच नोंद धरायची, नाहीतर बीममधल्या रेडियोअ‍ॅक्टिव्ह क्षयाचाच गोंधळ सगळीकडे दिसेल.

एक त्रास जवळून बघण्यासारखा आहे. रेडियम-२२४ ची पहिलीच लेव्हल ८४ केईव्हीची. इतक्या जड अणूत एवढ्या कमी एनर्जीचं ई२ ट्रान्झिशन गॅमा म्हणून बाहेर पडण्यापेक्षा अणूच्या इलेक्ट्रॉनला एनर्जी देऊन त्यालाच बाहेर काढणं पसंत करतं, बहुतेक वेळा तेच होतं. जे थोडे गॅमा निघतात ते येतात ८४ ला, आणि रेडियमचे स्वतःचे के-एक्सरे येतात ८५ आणि ८८ ला. म्हणजे स्पेक्ट्रममध्ये डावीकडे एक ढिगारा दिसतो आणि त्यात आपली रेघ कुठली हे डोळ्यांनी सांगता येत नाही. रेडॉनमध्ये हा त्रास नाही, तिथे २४१ केईव्हीची रेघ स्वच्छ उभी राहते. रेडियमसाठी मग वरच्या रेघांवर, म्हणजे ४ प्लस, ६ प्लस आणि निगेटिव्ह लेव्हल्सच्या गॅमांवर जास्त भर पडतो.

विश्लेषणाचं काम गोसिया नावाच्या प्रोग्रॅमने होतं, १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात चोस्निका, क्लाइन आणि वू यांनी लिहिलेला, आणि या क्षेत्रात तो अजूनही चालतो. काम थोडक्यात असं: सगळ्या लेव्हल्समधली मॅट्रिक्स एलिमेंट हे अज्ञात, त्यांचे काही आकडे धरायचे, टक्कर गणिताने चालवायची, किती गॅमा यायला हवेत ते काढायचं, आलेल्या गॅमांशी ताडायचं, आकडे बदलायचे, परत. अज्ञात बरेच असल्यामुळे एकाच टार्गेटवर भागत नाही. म्हणून कॅडमियमबरोबर निकेल-६० चंही टार्गेट वापरलं. निकेलमध्ये प्रोटॉन २८ च, त्याचं क्षेत्र कमी, त्यामुळे एका पायरीत उठणाऱ्या लेव्हल्स आणि अनेक पायऱ्यांनी उठणाऱ्या लेव्हल्स यांचं प्रमाण बदलतं. तबकडीवरच्या आतल्या कड्या आणि बाहेरच्या कड्या वेगळ्या घेतल्या की तेच काम आणखी होतं, कारण कोन बदलला की जवळीक बदलते. ज्या दोन अज्ञातांचा परिणाम एका ठिकाणी सारखा दिसतो तो दुसऱ्या ठिकाणी वेगळा दिसतो आणि ते सुटे होतात.

निकाल. रेडॉन-२२० चा ऑक्टुपोल मोमेंट २१८० ± १३०, रेडियम-२२४ चा २५२० ± ९०, एकक इलेक्ट्रॉन-चार्ज गुणिले फेम्टोमीटर घन. क्वाड्रुपोल अनुक्रमे ४३४ ± १४ आणि ६३२ ± १०, तिथे एकक चार्ज गुणिले फेम्टोमीटर वर्ग. नेहमीच्या तुलनेच्या भाषेत, ग्राउंड स्टेटवरून ३ मायनसवर चढण्याची ई३ ताकद रेडॉनमध्ये ३३ ± ४ आणि रेडियममध्ये ४२ ± ३ वाइसकॉफ युनिट (एकट्या प्रोटॉनच्या अंदाजी ताकदीच्या पटीत).

इथे घाई करून "४२ मोठा, म्हणून नाशपाती" असं म्हणू नये, आणि बातम्यांमध्ये बरेचदा तसंच वाचायला मिळतं. शिसं-२०८ बघा. तो दुहेरी मॅजिक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्हींची कवचं पूर्ण भरलेली), ग्राउंड स्टेटला गोल, आणि त्याची ३ मायनस लेव्हल २.६ एमईव्हीला, तरी त्याची ई३ ताकद ३४ च्या आसपास आहे. म्हणजे रेडॉन-२२० इतकीच! एकट्या आकड्यावरून थरथरणं आणि कायमचा आकार वेगळे करता येत नाहीत. निवाडा होतो सगळं एकत्र ठेवल्यावर: रेडॉनमध्ये लेव्हल्सचं वागणं कंपनाचं, ३ युनिटचा स्पिन लागून जाणारा, आणि ई३ त्या कंपनाला शोभेल एवढाच. रेडियममध्ये ई३ वाढलेला, लेव्हल्स एकाआड एक होत जाणाऱ्या, आणि वेगवेगळ्या लेव्हल्सच्या जोड्यांमधून काढलेला ऑक्टुपोल मोमेंट एकमेकांशी जुळणारा, म्हणजे एकच आकार धरून सगळं बसतं.

यातला सगळ्यात मजबूत धागा मला शेवटचा वाटतो. पुढे हाच निकष २०२० मध्ये रेडियम-२२२ आणि रेडियम-२२८ वर वापरला गेला, वाढवलेल्या एनर्जीच्या हाय-आयसोल्डेवर, त्याच पद्धतीने. २२२ मध्ये सगळी ई३ एलिमेंट्स टणक नाशपातीच्या हिशोबात बसली. २२८ मध्ये १ मायनस आणि ४ प्लसमधलं ई३ एलिमेंट जवळजवळ शून्य निघालं, जे नाशपातीत होऊच शकत नाही, म्हणून २२८ कंपनवाला. एकट्या ३ मायनसची ताकद मोजून हा फरक कधीच कळला नसता.

इतका खटाटोप रेडियम आणि रेडॉनसाठी का, याचं उत्तर न्यूक्लियर फिजिक्सच्या बाहेर आहे. विश्वात पदार्थ आहे आणि प्रतिपदार्थ जवळजवळ नाही, हे समजावायला स्टँडर्ड मॉडेलमध्ये (मूलकणांच्या मान्य सिद्धांतात) असलेला सीपी-भंग, म्हणजे पदार्थ आणि प्रतिपदार्थ यांच्या नियमांतला फरक, पुरत नाही. जास्तीचा भंग कुठे असेल तर तो अणूच्या विद्युत डायपोल मोमेंटमध्ये दिसायला हवा. अणूतले इलेक्ट्रॉन न्यूक्लियसचा डायपोल झाकून टाकतात, उरतो तो शिफ मोमेंट (न्यूक्लियसमधल्या चार्जच्या एकतर्फी वाटणीचा न झाकला जाणारा भाग), आणि नाशपाती आकाराच्या विषम (प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या विषम असलेल्या) न्यूक्लियसमध्ये तो मर्क्युरी-१९९ (पारा) च्या मानाने शेकडो पट मोठा असू शकतो. दोन कारणं: आकारच एकतर्फी, आणि विरुद्ध पॅरिटीच्या दोन लेव्हल्स अगदी शेजारी, रेडियम-२२५ मध्ये फक्त ५५ केईव्हीच्या अंतरावर, म्हणून त्या सहज मिसळतात. रेडियम-२२४ चा स्पिन शून्य, त्यात स्वतःत हा मोमेंट नसतोच, पण २२५ म्हणजे त्यावर एक न्यूट्रॉन, आणि तो गाभा नाशपाती आहे का याचं उत्तर आता हातात आहे. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने रेडियम-२२५ चं पहिलं डायपोल माप २०१५ मध्ये दिलं. मर्यादा अजून मर्क्युरीच्या कितीतरी मागे आहे, पण आकाराचा फायदा पाठीशी असल्याने तिथे मेहनत घेणं मला योग्य वाटतं.

रेडॉनचं मात्र चित्र बदललं. विषम रेडॉन आयसोटोपवर डायपोल शोधायचे बेत बरीच वर्षं चालू होते. २०१३ च्या निकालाने पहिली शंका आली, आणि २०१९ मध्ये रेडॉन-२२४ आणि २२६ च्या लेव्हल्स हाय-आयसोल्डेवर पहिल्यांदा दिसल्या तेव्हा तेही कंपनवालेच निघाले, आणि बटलर यांच्या गटाने सरळ लिहिलं की कायमचा ऑक्टुपोल आकार असलेला रेडॉनचा एकही आयसोटोप नाही. गाभा नाशपाती नसेल तर लेव्हल्सची ती जवळची जोडी मिळत नाही आणि वाढीव शिफ मोमेंटची आशाही कमी होते, म्हणून त्या शोधात आता रेडियमचं पारडं जड आहे.